इस्रायल-पॅलेस्टाईन : तोडगा कागदावर आहे, मग अडतंय कुठे?

१७ नोव्हेंबर २०२५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने गाझाबद्दलचा ठराव क्रमांक २८०३ मंजूर केला. बाजूने १३ मतं पडली, विरोधात एकही नाही, रशिया आणि चीन तटस्थ राहिले. त्याआधी सप्टेंबरमध्ये ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्सने पॅलेस्टाईनला देश म्हणून मान्यता दिली होती. ऑक्टोबरमध्ये युद्धबंदी होऊन गाझातल्या हमास या सशस्त्र संघटनेच्या ताब्यातले जिवंत उरलेले २० ओलीस घरी परतले. दोन वर्षं रोज मृतांचे आकडे वाचून सुन्न झालेल्या वाचकाला वाटलं, आता तरी काही मार्ग निघेल. पण युद्धबंदी लागू झाल्यावरही गाझात माणसं मरतच राहिली, आणि इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँकेत ज्यूंसाठी नवी घरं बांधायच्या मंजुऱ्या निघतच राहिल्या.

'दोन राष्ट्रांचा तोडगा', म्हणजे इस्रायलशेजारी स्वतंत्र पॅलेस्टाईन, हे शब्द आपण तीस वर्षं ऐकतोय. जगातले बहुतेक देश त्याच्या बाजूने आहेत, भारतही आहे. मग तो होत का नाही? माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडून ठेवतो. तोडगा साधारण कसा असेल, हे वाटाघाटींना बसलेल्या दोन्हीकडच्या लोकांना २००० सालापासून बऱ्यापैकी माहीत आहे. पण प्रत्येक वेळी शेवट न ठरवताच मधली व्यवस्था सुरू केली गेली, आणि तेवढ्या अवधीत करार नको असलेल्यांनी तो मोडून काढला.

### जमीन केवढी, माणसं किती

भूमध्य समुद्र आणि जॉर्डन नदी यांच्यामधला सगळा प्रदेश सुमारे २७ हजार चौरस किलोमीटरचा आहे. आपले अहिल्यानगर आणि सातारा हे दोन जिल्हे जोडले तर साधारण तेवढाच. त्यात आज जवळपास ७० लाख ज्यू आणि जवळपास तेवढेच पॅलेस्टिनी अरब राहतात. त्या अरबांपैकी २० लाखांच्या आसपास लोक इस्रायलचे मतदार नागरिक आहेत, बाकीचे वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम आणि गाझात.

१९४७ साली संयुक्त राष्ट्रांनी या प्रदेशाची फाळणी सुचवली. ज्यू नेतृत्वाने ती स्वीकारली, अरबांनी नाकारली. तेव्हा भारतानेही विरोधात मत दिलं होतं. १९४८ च्या युद्धात इस्रायल उभा राहिला आणि सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. पॅलेस्टिनी लोक याला 'नकबा' म्हणतात, म्हणजे महासंकट. पुढच्या काही वर्षांत इराक, येमेन, मोरोक्को अशा देशांतून लाखो ज्यूंनाही घरदार सोडून इस्रायलला यावं लागलं. ही दोन्ही दुःखं खरी आहेत, आणि आजही घराघरांत सांगितली जातात.

१९४९ च्या शस्त्रसंधीत जी रेषा आखली गेली तिला 'ग्रीन लाईन' म्हणतात. तिच्या अलीकडे, म्हणजे इस्रायलकडे, सुमारे ७८ टक्के जमीन राहिली. उरलेली २२ टक्के जमीन जॉर्डन आणि इजिप्तकडे गेली, आणि १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने तीही जिंकली. आज 'पॅलेस्टाईन' म्हणून ज्या देशाची चर्चा चालते तो या २२ टक्क्यांवरचा. त्याचे भाग दोन. एक वेस्ट बँक, सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा थोडीशीच मोठी. दुसरा गाझा, मुंबईहूनही लहान, फक्त ३६५ चौरस किलोमीटर. आणि या दोन्हींच्या मध्ये इस्रायलची जमीन.

पॅलेस्टिनी म्हणतात, २२ टक्क्यांवर समाधान मानलं तेव्हाच आम्ही सर्वांत मोठी तडजोड केली, आता त्यातलंही काय सोडायचं? इस्रायली माणूस नकाशावर दुसरीकडे बोट ठेवतो. नेतान्याजवळ ग्रीन लाईन समुद्रापासून जेमतेम १५ किलोमीटरवर आहे, आणि वेस्ट बँकेच्या टेकड्यांवरून तेल अवीवचा विमानतळ दिसतो. दोघांचीही भीती पोकळ नाही.

### भांडणाचे मुद्दे कोणते

मुख्य मुद्दे चार आहेत : सीमा, जेरुसलेम, निर्वासित आणि सुरक्षा.

सीमेवरचं उत्तर त्यातल्या त्यात सोपं. १९६७ ची रेषा आधार धरायची, तिच्या लगतच्या मोठ्या ज्यू वसाहती इस्रायलकडे ठेवायच्या, आणि बदल्यात तेवढीच जमीन इस्रायलने आपल्या हद्दीतून द्यायची. 'वसाहत' म्हणजे १९६७ नंतर जिंकलेल्या भागात बांधलेली ज्यू वस्ती. आंतरराष्ट्रीय न्यायालयासह जवळजवळ सगळं जग ती बेकायदा मानतं, इस्रायल मानत नाही.

जेरुसलेमसाठी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी डिसेंबर २००० मध्ये एक सूत्र दिलं : अरब मोहल्ले पॅलेस्टाईनचे, ज्यू मोहल्ले इस्रायलचे. अवघड जागा एकच, जिला ज्यू टेंपल माउंट म्हणतात आणि मुसलमान हरम अल-शरीफ. वर अल-अक्सा मशीद, पायथ्याशी ज्यूंची पश्चिम भिंत. ती एवढीशी जागा कोणाची, यावर कितीतरी रात्री वाटाघाटी अडल्या.

निर्वासितांचा प्रश्न सर्वांत जास्त मनाला भिडणारा. १९४८ च्या सात लाखांचे वंशज धरून संयुक्त राष्ट्रांकडे आज सुमारे ५९ लाख पॅलेस्टिनी निर्वासितांची नोंद आहे. सगळे इस्रायलमध्ये परतले तर तो ज्यूबहुल देश राहणार नाही, म्हणून इस्रायलचं कोणतंही सरकार हे मान्य करणार नाही. पडद्यामागे पॅलेस्टिनी नेत्यांनाही हे कळतं. प्रत्येक मसुद्यात तोडगा साधारण एकच राहिला : बहुतेकांना नव्या पॅलेस्टाईनमध्ये किंवा आता राहतात तिथे हक्क, भरपाई, आणि अगदी थोड्यांना इस्रायलमध्ये परतण्याची मुभा. लेबनॉनच्या छावणीत जन्मलेल्या तिसऱ्या पिढीला हे उघडपणे सांगायचं धाडस मात्र कुणी केलं नाही.

सुरक्षेबाबत पॅलेस्टाईनला पोलीस असतील पण लष्कर नसेल, आणि जॉर्डन खोऱ्यात काही काळ आंतरराष्ट्रीय सैनिक राहतील, इथवर चर्चा पोहोचली होती.

### मग ओस्लो करार का फसला

१३ सप्टेंबर १९९३. व्हाइट हाउसच्या हिरवळीवर इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन आणि पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेचे यासर अराफात यांनी हात मिळवले. हाच ओस्लो करार. पॅलेस्टिनींनी इस्रायल या देशाला मान्यता दिली. इस्रायलने मान्यता दिली ती संघटनेला, देशाला नाही. फरक बारीक वाटतो, पण पुढची सगळी घसरण तिथून सुरू होते.

करारानुसार पाच वर्षांची अंतरिम व्यवस्था सुरू व्हायची होती. वर सांगितलेले अवघड प्रश्न त्या काळात, शेवटी सोडवायचे. १९९५ च्या दुसऱ्या करारात वेस्ट बँकेचे तीन विभाग झाले. अ विभागात, म्हणजे मुख्य शहरांत, पॅलेस्टिनी प्राधिकरणाचा, म्हणजे ओस्लोतून उभ्या राहिलेल्या मर्यादित स्वराज्य सरकारचा, कारभार. ब विभागात नागरी कारभार त्यांचा, सुरक्षा इस्रायलकडे. आणि क विभाग, सुमारे ६० टक्के जमीन, पूर्ण इस्रायलच्या ताब्यात.

मुंबईत पुनर्विकासासाठी घर रिकामं करून ट्रान्झिट कॅम्पात गेलेल्या कुटुंबांना हा प्रकार चटकन समजेल. खोली सोडली, तात्पुरत्या जागेत आलो, पण ताबा कधी, कितव्या मजल्यावर आणि किती चौरस फुटांचा, हे करारात लिहिलेलंच नाही. पाच वर्षांचे तीस वर्षं होतात आणि तात्पुरतं तेच कायमचं होऊन बसतं. अ, ब, क हे विभाग आजही तसेच आहेत. रामल्लाहून निघालेला माणूस नाब्लुसला पोहोचेपर्यंत हे विभाग अनेकदा ओलांडतो, आणि वाटेत इस्रायली लष्कराचं नाकं उघडं असेल की बंद, हे त्याला घरातून निघताना माहीत नसतं.

शेवट ठरलेला नसला की तो पाडायला पुरेसा वेळ मिळतो. फेब्रुवारी १९९४ मध्ये हेब्रॉनच्या मशिदीत एका ज्यू अतिरेक्याने नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घालून मारलं. हमासने बसगाड्यांमध्ये आत्मघाती स्फोट घडवले. ४ नोव्हेंबर १९९५ ला तेल अवीवमध्ये शांततेच्या सभेनंतर राबिन यांचीच एका ज्यू तरुणाने हत्या केली. याच काळात वेस्ट बँकेतल्या वसाहतींची लोकसंख्या लाखाच्या आसपास होती ती २००० पर्यंत जवळपास दुप्पट झाली. आपला देश उभा राहतोय असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांना समोरच्या टेकडीवर क्रेन दिसत होती. आणि शांतता येतेय असं ज्यांना सांगितलं होतं, ते मुलांना बसने शाळेत पाठवायला घाबरत होते.

### 'पॅलेस्टिनींनी प्रत्येक प्रस्ताव नाकारला', हे खरं का?

अर्धं खरं. जुलै २००० मध्ये कॅम्प डेव्हिडला अराफात यांनी इस्रायलचे पंतप्रधान एहुद बराक यांचा प्रस्ताव नाकारला आणि स्वतःचा पर्यायी प्रस्ताव नीट मांडलाही नाही. ही मोठी चूक होती. पण नंतरच्या क्लिंटन सूत्रावर, ज्यात वेस्ट बँकेचा ९४ ते ९६ टक्के भाग पॅलेस्टाईनला मिळणार होता, दोघांनीही 'होय, पण...' असंच उत्तर दिलं. जानेवारी २००१ मध्ये इजिप्तमधल्या ताबा या गावी वाटाघाटींची दोन्ही पथकं आणखी जवळ आली, आणि तेवढ्यात इस्रायलची निवडणूक येऊन बराक हरले. तोवर दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा दुसरा उठाव, पेटलेला होता. त्यात पुढच्या पाच वर्षांत सुमारे हजार इस्रायली आणि तीन हजार पॅलेस्टिनी गेले.

मार्च २००२ मध्ये बैरूतला अरब लीगने सौदी प्रस्ताव उचलला : १९६७ च्या रेषेपर्यंत मागे जा, सगळे अरब देश तुमच्याशी संबंध जोडतील. हमासने नेतान्यातल्या हॉटेलात सणाच्या जेवणाला बसलेल्या ३० जणांना स्फोटात मारलं ते नेमकं त्याच वेळी. त्या रक्तात तो प्रस्ताव वाहून गेला. पण नंतरच्या शांत वर्षांतही कोणत्याच इस्रायली सरकारने तो औपचारिकपणे स्वीकारला नाही.

सर्वांत जवळचा प्रसंग २००८ चा. सप्टेंबरमध्ये पंतप्रधान एहुद ओल्मर्ट यांनी पॅलेस्टिनी प्राधिकरणाचे अध्यक्ष महमूद अब्बास यांच्यापुढे नकाशा ठेवला. वेस्ट बँकेचा सुमारे सहा टक्के भाग इस्रायलकडे, बदल्यात जवळपास तेवढीच जमीन, गाझा आणि वेस्ट बँक जोडणारा रस्ता, आणि जेरुसलेमच्या पवित्र भागावर पाच देशांची देखरेख. ओल्मर्ट म्हणाले, आधी सही करा, मग नकाशाची प्रत देतो. अब्बास म्हणाले, आधी तज्ज्ञांना दाखवतो. प्रत मिळाली नाही, म्हणून अब्बास यांनी आठवेल तसा नकाशा हाताने कागदावर काढून घेतला. ओल्मर्ट तोवर भ्रष्टाचाराच्या चौकशीत अडकून पायउतार होण्याच्या वाटेवर होते. अब्बास यांचा गाझावरचा ताबा वर्षभरापूर्वीच हमासने हिसकावला होता. दोघांच्याही सहीला घरात किंमत उरलेली नव्हती.

### 'गाझा सोडला आणि रॉकेटं मिळाली, आता वेस्ट बँकही सोडायची?'

इस्रायली माणसाचा हा सर्वांत वजनदार प्रश्न, आणि तो झटकून टाकता येत नाही. २००५ मध्ये इस्रायलने गाझातून सुमारे आठ हजार वसाहतकरी आणि सगळं सैन्य काढून घेतलं. २००६ च्या निवडणुकीत हमासला १३२ पैकी ७४ जागा मिळाल्या, २००७ मध्ये त्यांनी बळाने सत्ता घेतली. मग रॉकेटं, युद्धं आणि शेवटी ७ ऑक्टोबर २०२३. त्या एका दिवशी सुमारे १,२०० माणसं मारली गेली आणि २५१ जणांना ओलीस नेलं. रायगड-अलिबागकडून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली कुटुंबांपैकी अनेक जण अश्दोद, बीरशेबा या दक्षिणेकडच्या शहरांत राहतात. आश्रयखोलीत धावणं त्यांच्या रोजच्या जगण्याचा भाग झालं आहे.

पण गाझातली माघार एकतर्फी होती. करार नव्हता. जमीन वाटाघाटीला तयार असलेल्या अब्बास यांच्या हाती सोपवली गेली नाही, त्यामुळे 'आम्ही लढून इस्रायलला पळवलं' असं हमासला सांगता आलं. हवाई आणि सागरी हद्दीवरचं नियंत्रण इस्रायलकडेच राहिलं, आणि २००७ नंतर नाकेबंदी कडक झाली.

याच्या शेजारी सिनाईचं उदाहरण ठेवून पाहा. इजिप्त आणि इस्रायल यांच्यात १९४८, १९५६, १९६७ आणि १९७३ अशी चार युद्धं झाली. १९७९ च्या करारात मात्र शेवट आधी लिहिला होता : पूर्ण सिनाई परत, अमुक तारखेपर्यंत, एवढंच सैन्य, देखरेखीला आंतरराष्ट्रीय पथक. इस्रायलने यामित ही वसाहत स्वतःच्या हाताने पाडली आणि एप्रिल १९८२ मध्ये माघार पूर्ण केली. इजिप्तचे अध्यक्ष सादात यांना या शांततेपायी १९८१ मध्ये जीव गमवावा लागला, तरी करार टिकला. गाझातल्या या भीषण युद्धातही तो तुटला नाही. 'हे धर्माचं भांडण आहे, कधीच मिटणार नाही' असं म्हणणाऱ्यांनी या कराराकडे जरूर बघावं.

### आता उशीर झालाय का

वेस्ट बँकेत आज पाच लाखांच्या आसपास ज्यू वसाहतकरी आहेत, पूर्व जेरुसलेममध्ये आणखी दोन लाखांहून जास्त. बहुसंख्य लोक ग्रीन लाईनजवळच्या मोठ्या वसाहतींत राहतात, आणि अदलाबदलीत तो भाग इस्रायलकडे जाऊ शकतो. पण लाखाहून अधिक लोक आत खोलवर आहेत. गाझातून आठ हजार लोकांना हलवायला हजारो पोलीस आणि सैनिक लागले होते, त्यावरून अंदाज करा. शिवाय त्यातले अनेक जण स्वस्त घरासाठी नव्हे, श्रद्धेने राहतात. काही टोळ्या पॅलेस्टिनी शेतकऱ्यांना ऑलिव्हच्या हंगामात झाडाजवळही फिरकू देत नाहीत, आणि त्यांना आवरणारं कुणी दिसत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर झालेली ई-१ योजना म्हणूनच गंभीर. जेरुसलेम आणि माले अदुमिम ही मोठी वसाहत यांच्यामधल्या सुमारे १२ चौरस किलोमीटर पट्ट्यावर ३,४०० च्या आसपास घरं बांधली की पूर्व जेरुसलेम बाकीच्या वेस्ट बँकेपासून तुटतं. या योजनेने पॅलेस्टिनी देशाची कल्पनाच गाडली जाते, असं इस्रायलचे अर्थमंत्री बेझालेल स्मोट्रिच यांनी तेव्हा उघड सांगितलं.

मग सगळ्यांना समान मत देऊन एकच देश का करू नये? तत्त्व म्हणून हे सर्वांत न्याय्य वाटतं. पण त्यासाठी इस्रायली ज्यूंना आपलं एकमेव राष्ट्र सोडावं लागेल, आणि बंदूक त्यांच्या हातात आहे. समान मत न देता एकच सत्ता चालू ठेवणं म्हणजे अर्ध्या लोकांवर कायमची हुकूमत, आणि वेस्ट बँकेत आज घडतंय ते हेच. म्हणून मला दोन देशांचा मार्ग अजूनही कमी वाईट वाटतो. 'अ लँड फॉर ऑल' ही इस्रायली-पॅलेस्टिनी चळवळ त्यातला मधला मार्ग सुचवते : देश दोन, पण सीमा खुली. वसाहतकऱ्याने तिथेच राहावं पण पॅलेस्टाईनच्या कायद्याखाली, आणि तसाच हक्क पॅलेस्टिनींना इस्रायलमध्ये. आज हे दूरचं वाटतं, पण माणसं उपटण्याचा प्रश्न ते खरोखर हाताळतं.

### सही कोण करणार?

अब्बास जानेवारी २००५ मध्ये चार वर्षांसाठी निवडून आले, त्यानंतर अध्यक्षपदाची निवडणूकच झालेली नाही. ते नव्वदीला पोहोचले आहेत. हमासने २०१७ च्या दस्तऐवजात १९६७ च्या सीमेवरचा देश चालेल असं म्हटलं, पण इस्रायलला मान्यता दिली नाही, आणि ७ ऑक्टोबरनंतर इस्रायलमध्ये त्यांच्या शब्दावर कोण विश्वास ठेवील? तुरुंगात असलेले, अब्बास यांच्याच फतह पक्षाचे मारवान बरघूती लोकप्रिय आहेत, पण ते खुनाच्या गुन्ह्यांत पाच जन्मठेपा भोगताहेत.

इस्रायलमध्ये जुलै २०२४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे संसदेने, पॅलेस्टिनी देशाच्या विरोधात ६८ विरुद्ध ९ असा ठराव केला. त्यात विरोधी पक्षांचेही काही लोक होते. दुसरीकडे गाझाच्या आरोग्य खात्यानुसार ऑक्टोबर २०२५ पर्यंत ६७ हजारांहून जास्त माणसं मारली गेली. ज्यांची घरं ढिगारा झाली, त्यांना लगेच समेटाचं बोला असं सांगणंही कठीण आहे.

### २०२५ च्या योजनेत काय आहे, काय नाही

ठराव २८०३ मध्ये गाझासाठी 'बोर्ड ऑफ पीस', आंतरराष्ट्रीय सुरक्षा दल आणि पॅलेस्टिनी तज्ज्ञांची समिती आहे. या व्यवस्थेची मुदत २०२७ च्या अखेरपर्यंत. पॅलेस्टिनी देशाबद्दल एवढंच की प्राधिकरणाने सुधारणा केल्या आणि गाझाची उभारणी पुढे सरकली, की स्वयंनिर्णयाच्या दिशेने विश्वासार्ह मार्ग तयार होऊ शकेल. सुधारणा पुरेशा झाल्या हे ठरवायची तारीख नाही. त्या देशाच्या सीमा कोणत्या, याचा उल्लेख नाही. ई-१ चा तर नाहीच.

गोळीबार थांबवायला आणि धान्य आत न्यायला ही योजना आवश्यकच आहे, तिला कमी लेखायचं कारण नाही. पण राजकीय तोडगा म्हणून पाहिलं तर ही ओस्लोचीच रचना आहे, शेवट मोकळा सोडलेली. तिला बळ द्यायचं तर ते सौदी अरेबियाच्या हातात आहे. इस्रायलला सौदीशी संबंध हवे आहेत, आणि पॅलेस्टिनी देशाकडे नेणारी पक्की वाट मिळाल्याशिवाय ते जुळणार नाहीत, असं रियाध म्हणत आलं आहे. त्यांनी तारखेचा आणि नकाशाचा आग्रह धरला, तर इस्रायली मतदारापुढे नुसत्या भीतीऐवजी एक मोबदलाही असेल.

आपल्यासाठी हे दूरचं प्रकरण नाही. आखाती देशांत लाखो भारतीय कामाला आहेत, त्यात कोकणातले आणि गोव्यातले खूप. भारत-पश्चिम आशिया-युरोप व्यापारी मार्ग हैफा बंदरावरून जायचा आहे. १२ सप्टेंबर २०२५ ला दोन राष्ट्रांच्या बाजूने आमसभेत पडलेल्या १४२ मतांत भारताचंही एक मत होतं.

म्हणून पुढच्या बातम्या वाचताना परिषदा आणि हस्तांदोलनं यांच्या पलीकडे काही साध्या गोष्टी शोधाव्यात. ई-१ वर रस्ते आणि पाया खोदायचं काम थांबलं का? पॅलेस्टिनींची निवडणूक जाहीर झाली का, आणि तिच्यात पूर्व जेरुसलेमला मत देता येणार का? पॅलेस्टिनी भागात येणाऱ्या मालावरचा जो सीमाशुल्काचा पैसा १९९४ च्या करारानुसार इस्रायल गोळा करतो आणि वरचेवर अडवून ठेवतो, तो रामल्लाला, म्हणजे पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडे, पोहोचला का? तिथल्या शिक्षकांचे आणि परिचारिकांचे पगार मुख्यतः त्याच पैशातून होतात, आणि ते कितीतरी महिने अर्धवटच मिळत आले आहेत.